तात्यांच्या टाकीतली कात

आमच्या धंद्यात असल्या गोष्टींना जागा नाही. गलाईचं काम, म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं. मुशीत टाकलं की खरं असेल ते तळाला बसतं, बाकीचं धूर होऊन जातं. इतकी वर्षं हेच बघत आलोय, त्यामुळे भूतखेत, करणी, अंगात येणं... कुणी सुरू केलं की मी उठून बाहेर जायचो. आजही मी याला भूत म्हणत नाही. काय म्हणायचं तेच कळत नाही, म्हणून इथं लिहितोय. शाळा नववीत सुटली आहे, चुका सांभाळून घ्या.

मी सांगली जिल्ह्यातला, खानापूर तालुक्यातला. आमच्याकडची निम्मी गावं गलाईसाठी देशभर पांगली आहेत. मला जयपूरला आणलं तात्यांनी. तात्या माझे शेठ, नात्यानं कुणीच नव्हेत. वडील गेल्यावर आमच्या दारात येऊन आईला म्हणाले, "पोराला माझ्याबरोबर धाडा. दोन टायमाचं जेवण आन हातात कला, एवढं दीन." आणि दिलं. जौहरी बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान, घर शास्त्रीनगरला. त्याच घराच्या गच्चीवरच्या खोलीत मी राहतो. तापानं फणफणलो की काकी, म्हणजे तात्यांच्या पत्नी, उशाशी बसायच्या. एवढं एक लक्षात ठेवून पुढचं वाचा.

तेजाबाच्या, म्हणजे सोनं शुद्ध करायच्या ॲसिडच्या धुरानं तात्यांची फुप्फुसं गेली. आमच्यातल्या पुष्कळांची जातात. दोन वर्षांपूर्वी दुकान माझ्या हातात देऊन ते घरी बसले, मग पलंगावर, मग नाकात नळी आणि शेजारी ऑक्सिजनचं मशीन. हॉलच्या खिडकीपाशी पलंग, आणि समोर टेबलावर केतकीची काचेची टाकी.

केतकी त्यांची मुलगी, कॉलेजात शिकते. जन्म जयपूरचा, त्यामुळे मराठी अडखळत, मध्येमध्ये हिंदी. तिनं माशांच्या दुकानातून एक ड्वार्फ क्रेफिश आणला होता. दिसायला झिंग्यासारखा, पण पुढं खेकड्यासारख्या दोन नांग्या. रंग पिकलेल्या संत्र्याचा, लांबी माझ्या अंगठ्याएवढी. टाकीत थोडी रेती, शेवाळाचा गोळा आणि लपायला प्लास्टिक पाइपचा तुकडा. डाव्या बाजूची लांब मिशी अर्ध्यात तुटलेली.

"आमच्या ओढ्यात असली पोत्यानं असायची," काकी म्हणाल्या. "कालवण करून खायचो. हिनं इकत आणलंय."

"आई, असं नको ना बोलू त्याच्यासमोर."

"का, त्याला मराठी येतंय? तुला तरी कुठं येतंय."

तात्या त्याला पाव्हणं म्हणायचे. दिवसभर बघत बसायचे. पाव्हणं पाइपातून बाहेर आलं, पाव्हण्यानं वाटाणा ओढून नेला, पाव्हणं आज रागात हाय... मी दुकानातून आलो की पहिली बातमी त्याची, मग भट्टीची चौकशी.

थंडीत एकदा सकाळी ते टाकीच्या तळाशी आडवं पडलेलं दिसलं. तात्यांनी तोंड भिंतीकडे केलं आणि चहा नको म्हणाले. केतकीनं वाकून बघितलं.

"पप्पा, मेला नाही तो. मतलब... ही त्याची शेल आहे. जुनी. त्यानं काढून टाकली."

"कात?"

"हां, कात. आता तो एकदम सॉफ्ट आहे, म्हणून लपला. चार-पाच दिवस नाही येणार बाहेर."

खरंच कात होती. मिशा, पाय, डोळ्यांवरच्या टोप्यासुद्धा जशाच्या तशा, आत मात्र पोकळ, काचेसारखी आरपार. मग एके दिवशी पाव्हणं बाहेर आलं, पूर्वीपेक्षा लालबुंद, मिशी तेवढी अजून अर्धीच, आणि स्वतःचीच कात बसून खाल्ली. त्याच आठवड्यात तात्यांना जरा बरं वाटत होतं. नळी काढून ते बाल्कनीपर्यंत चालत गेले. योगायोग असेल. पण त्यांनी मनाशी धरलं. "मेलं म्हणून बसलो, आन नवं होऊन आलं की रं दत्तू," असं मला कितीदा तरी म्हणाले.

उन्हाळ्यात सगळं फिरलं. जयपूरचा मे तुम्हाला सांगायला नको. या क्रेफिशला गरम पाणी सोसत नाही. केतकी टाकीवर छोटा पंखा लावायची, बर्फाची बाटली पाण्यात सोडायची. एका दुपारी लाईट गेली ती संध्याकाळ झाली तरी आली नाही. इन्व्हर्टरवर तात्यांचं मशीन तेवढं चालेल इतकीच ताकद, म्हणून काकींनी टाकीच्या सगळ्या पिना काढल्या. मी घरी आलो तेव्हा तात्या झोपले होते आणि केतकी टाकीसमोर उभी होती.

पाव्हणं मेलं होतं. या वेळी कात नव्हती. रंग दुधाळ गुलाबी झालेला, अंग जड, आत मांस, वास यायला लागलेला. मी हातात घेऊन बघितलं. अर्धी तुटलेली मिशी तीच.

काकी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "त्यांना सांगू नका. दोघांनाबी माझी आण हाय."

टिश्यूत गुंडाळून मी त्याला गच्चीवरच्या कढीपत्त्याच्या कुंडीत पुरलं. तात्यांना सांगितलं, कात टाकायला पाइपात बसलंय. ते हसले. "बसू द्या. त्याचं त्याला कळतंय."

दुसरं आणून सोडायचं असं ठरलं होतं. जयपुरात मिळेना. बाहेरगावच्या माणसानं केतकीला फोनवर सांगितलं, एवढ्या उन्हात कुरिअरनं पाठवलं तर वाटेतच मरेल, पाऊस पडू दे.

आणि तेवढ्यात तात्यांचं बिघडलं. ओठ निळसर दिसायला लागले, बोलताना वाक्य तुटायचं. डॉक्टर घरी येऊन बघून गेले. जिन्यात मला म्हणाले, "भर्ती करवा दीजिए, आज-कल में. घर पर नहीं संभलेगा. अभी ले आओगे तो निकल आएँगे." यातून निघतील. हा शब्द मी धरून ठेवला.

तात्या ऐकेनात. धंद्यातला त्यांचा एक जुना मित्र असाच दवाखान्यात भरती होऊन मशीनवर गेला तो परत आला नाही, ते डोक्यात बसलेलं.

"जातो की. न्हाय कुठं म्हणलं," तात्या म्हणाले. "पाव्हणं भायेर येऊ दे. त्याला बघतो आन गाडीत बसतो."

"तात्या, ते आल्यावर मी फोनवर दाखवीन. आपण आज निघू."

"त्येला इचारल्याबिगर कसं जायचं, लेका. त्यानं न्हाय का दम धरलाय."

मी काकींना म्हटलं, आता सांगायला पाहिजे. काकी पदराशी चाळा करत म्हणाल्या, "सकाळच्याला सांग. माझ्याच्यानं व्हायाचं न्हाय."

सकाळी मी चहा घेऊन गेलो. तात्या उशीला टेकून बसले होते, चेहऱ्यावर कित्येक दिवसांत न दिसलेली तकाकी.

"दत्तू, बग. टाकली."

टाकीच्या तळाशी, पाइपाच्या तोंडापाशी, कात पडलेली होती.

चहाचा कप मी कुठं ठेवला आठवत नाही. केतकीला हाक मारली. तिनं फोटो काढला, तो आजही तिच्या मोबाइलमध्ये आहे. कात ताजी होती, मऊ, आरपार, फिकट नारिंगी. डाव्या बाजूची मिशी अर्ध्यात संपलेली.

तुम्ही जे म्हणाल ते सगळं आमच्या मनात येऊन गेलं. जुनी कात कुणी जपून ठेवली होती का? नाही, ती पाव्हण्यानं आमच्या देखत खाल्ली होती. पिल्लू असेल? एकटंच होतं, आणि कात पूर्ण मापाची. मग मी आणि केतकीनं पाणी बदलायचं निमित्त करून तात्यांच्या समोरच टाकी रिकामी केली. कात तेवढी वाटीत काढून ठेवली. पाणी बादलीत, शेवाळ पिळून, पाइपातून उजेड बघून. रेती चहाच्या गाळणीतून मूठमूठ गाळली.

"हळू रं," तात्या पलंगावरून सांगत होते. "मऊ आसंल ते. दुखंल त्याला."

काही नव्हतं. टाकी परत भरली. तात्यांनी कात होती तिथंच ठेवायला लावली.

"पप्पा, आत कोणी नाहीये," ती म्हणाली.

"दिसलं न्हाय म्हंजे न्हाय, आसं कुठं आसतंय बाळ."

मी गच्चीवर गेलो आणि कढीपत्त्याची कुंडी उकरली. खरं सांगतो, ती रिकामी निघावी असं मला वाटत होतं. रिकामी असती तर आम्हीच फसलो होतो, पुरली ती कात होती, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. पण टिश्यूचा गोळा तिथंच होता. आत पाव्हणं, काळपट, मुंग्या लागलेलं, नांग्यांसकट.

तसंच एका झाकणावर घेऊन खाली आलो. काकींनी मला अडवलं नाही. मी तात्यांच्या पलंगाशी गुडघ्यावर बसलो.

"तात्या, हे बघा. लाईट गेली त्या दिवशीच हे गेलं. आम्ही तुम्हाला खोटं सांगितलं. आता चला. गाडी खाली उभी आहे."

तात्यांनी झाकण हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं. मग त्यांनी ते माझ्या हातात परत दिलं, अगदी हळू, मुशीतली चांदी ओतल्यासारखं.

"ही कात हाय रं," ते म्हणाले. "तुम्ही कात पुरलीसा."

"आत मांस आहे, तात्या. वास येतोय."

"मग ती कुणाची?"

टाकीकडं बोट दाखवून विचारलं त्यांनी. थट्टा नव्हती त्यात. खरंच विचारत होते, आणि मी उत्तर देईन म्हणून थांबले होते. मी केतकीकडे बघितलं. ती भिंतीला टेकून रडत होती. जे खरं होतं ते मी हातात घेऊन बसलो होतो आणि ते खोटं ठरलं होतं.

"चार दिस," तात्या म्हणाले. "भायेर येतंय बग. मग जाऊ."

मी पाय धरले. आजवर कधी धरले नव्हते, त्यांना आवडायचं नाही. डोक्यावर हात ठेवला त्यांनी, पण उठले नाहीत. खाली गाडीवाला हॉर्न वाजवून वाजवून शेवटी वर आला, त्याला मीच परत जायला सांगितलं.

चार दिवस लागले नाहीत. तिसऱ्या सकाळी त्यांना शुद्ध नव्हती. आम्ही उचलून दवाखान्यात नेलं तेव्हा विचारायचा प्रश्नच उरला नव्हता. डॉक्टर मला वाईट काही बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "उसी दिन ले आते, भैया."

स्मशानातून परत आलो, आंघोळ केली, हॉलमध्ये आलो. पलंग काढला होता. टाकीचा पंप चालू होता, आणि तळाशी नुसती रेती होती. कात नव्हती. काकींनी हात लावला नव्हता, केतकी तर त्या खोलीत यायलाच तयार नव्हती. गाळणी घेऊन मी पुन्हा सगळी रेती गाळली. शेजारीपाजारी बसलेले होते, बघत होते. त्यांना वाटलं असेल, याचं डोकं फिरलं.

काकींचं म्हणणं, ते चांगलंच होतं काहीतरी, माणूस हसत गेला. केतकी यावर बोलत नाही. तिनं मासे पाळणाऱ्या लोकांना फोटो पाठवून विचारलं, सगळ्यांनी एकच सांगितलं, टाकीत दुसरा असेल. इथं कुणी पाळत असेल तर जरूर सांगा, पण एवढंच सांगू नका. त्या टाकीत दुसरं काही नव्हतं, हे मी देवाच्या नाही, तात्यांच्या शपथेवर सांगतो.

मला चांगलं-वाईट ठरवता येत नाही. दुकानात भट्टी पेटवतो, काम करतो, घरी येतो. तात्यांनी मला सगळं न मागता दिलं. इतक्या वर्षांत मी त्यांच्याकडे एकच गोष्ट तोंडानं मागितली, गाडीत बसा म्हणून. आणि त्यांनी नाही म्हणावं यासाठी त्या सकाळी टाकीत ती कात कुणी आणून ठेवली, मला अजून कळलेलं नाही.