शिवणीत ठेवलेली माया

सोलापुरात राहून पाण्याला भ्यायचं म्हणजे कमालच की. चार-पाच दिवसांनी एकदा नळ येणार, तोही कधी पहाटे, कधी भर दुपारी, आणि "पाणी सुटलं" अशी हाळी आली की अख्खी गल्ली हातातलं टाकून घागरी घेऊन पळणार. अशा गावात पाण्याची भीती धरून बसलेली बाई एकच, चांगुणा सर्वगोड. शुक्रवार पेठेत मल्लिकार्जुनअण्णांचा युनिफॉर्मचा कारखाना आहे, तिथं ती मशीनवर बसायची. घागर, बादली, पिंप, एवढ्या पाण्याशी तिचं काही भांडण नव्हतं. पण ज्याचा तळ दिसत नाही, अशा पाण्याचं नुसतं नाव काढलं तरी तिच्या अंगावर काटा यायचा.

उगाच नव्हे ते. तिचा नवरा सतीश टेम्पो चालवायचा. हिप्परग्याच्या तलावावर टेम्पो धुवायला म्हणून गेला, पाय घसरला, पोहायला येत नव्हतं. संपलं. टेम्पो काठावर तसाच उभा, अर्धा धुतलेला. लेक दीक्षा तेव्हा पहिलीत होती. त्या दिवसापासून चांगुणानं पोरीला तलाव दाखवला नाही की विहिरीत डोकावू दिलं नाही. शाळेची सहल पाण्याच्या बाजूला निघाली की हिच्या पोरीला नेमका ताप यायचा. शेजारणी हसायच्या. हसू देत, ती म्हणायची, ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

पोरीच्या कपड्यांचीही एक गंमत होती. दीक्षा लहानपणी जिन्यावरून पडली. गळ्याजवळचं हाड मोडलं, पुन्हा जुळलं, पण डावा खांदा अर्धा इंच खाली राहिला तो राहिलाच. बघणाऱ्याला कधी कळलं नाही, कारण चांगुणानं कळू दिलं नाही. शिवताना जे जादा कापड आत दुमडून ठेवतात, त्याला माया म्हणतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. अंग भरलं, पोर वाढली, की ती उसवून कपडा सैल करता येतो. चांगुणा डाव्या खांद्यात ही माया चांगली जाडसर ठेवायची, घडीवर घडी घालून, म्हणजे खांदा वर उचललेला दिसायचा. फ्रॉक असो की शाळेचा शर्ट, पोरगी वरून बघावी तर ताठ, दोन्ही खांदे सारखे. आतली गोष्ट माय-लेकींनाच ठाऊक होती.

पोरगी शिकली, मुंबईला गेली आणि बंदरातून बेटांवर माणसं नेणाऱ्या एका बोट कंपनीत लागली. बोट म्हटल्यावर चांगुणाच्या हातातली कात्री खालीच पडली.

"तिकिटाच्या खिडकीत बसायचंय आई," दीक्षा म्हणाली. "जमिनीवर. डोक्यावर पंखा हाय."

पंखा आहे म्हटल्यावर चांगुणाचा जीव भांड्यात पडला. पंख्याखालचं काम म्हणजे सुरक्षित काम, असा तिचा हिशोब. पुढं फोनवर ती रोज न चुकता विचारायची, "पंखा चालतोय न्हवं?" आणि दीक्षा म्हणायची, "चालतोय की." अशी काही वर्षं गेली. चांगुणा गल्लीत सांगत फिरायची, माझी पोरगी समुद्राच्या गावात हाय, पण कोरडी हाय.

मग एक दिवस अण्णा खोकं घेऊन तिच्या मशीनपाशी आले.

"चांगुणाबाई, मुंबईची ऑर्डर आहे. बोटीवरच्या लोकांचे ड्रेस. नमुने पाठवलेत, बघून घ्या."

खोक्यात पांढरे शर्ट होते, निळ्या पँटी होत्या. शर्टाच्या खांद्यावर हुद्द्याची पट्टी अडकवायला फीत. सगळ्यात तळाशी बायकी मापाचा एक शर्ट, वापरलेला. चांगुणानं तो सवयीनं उलटा केला; शिवणारी बाई कापड आधी उलट्या बाजूनंच बघते. आणि तिचा हात तिथंच थांबला. डाव्या खांद्याच्या शिवणीत घडीवर घडी होती. टाके हातचे, वेडेवाकडे, शिकाऊ माणसाचे, पण घडी जिथं पाहिजे बरोबर तिथं.

तिनं बाही चाचपली. कोपरापर्यंत कापड कडक झालं होतं, पांढुरका थर बसला होता. तिनं बोट लावून जिभेला लावलं. मीठ. घामाचं मीठ काखेत असतं, पाठीवर असतं, मनगटापासून कोपरापर्यंत नसतं. तिकिटाच्या खिडकीत बसणाऱ्या बाईच्या बाहीवर हे आलं कुठून?

"काय झालं ओ?" अण्णांनी विचारलं.

"काय न्हाय. पंखा बंद पडला."

अण्णांनी वर बघितलं. पंखा तर चालू होता.

जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून ती जिन्यात जाऊन बसली आणि फोन लावला. "कुटं हायस?"

"ड्युटीवर."

"खिडकीत?"

पलीकडून उत्तराआधी इंजिनच ऐकू आलं. मग दीक्षा म्हणाली, "शर्ट मिळाला का, आई?"

म्हणजे पोरीनं मुद्दाम पाठवला होता. ऑर्डर अण्णांच्या कारखान्याला जातेय हे तिला कळलं होतं, म्हणून कंपनीनं नमुन्यासाठी कपडे मागवले तेव्हा तिनं स्वतःचाच शर्ट तळाशी घातला होता. तोंडानं सांगायचा धीर होत नव्हता, म्हणाली; म्हटलं तू शर्ट उलटा करणारच. मग सगळं भडाभडा सांगून टाकलं. खिडकीत बसले होते, पण थोडेच दिवस. नंतर बोटीवर खलाशी झाले, पोहायला शिकले, परीक्षा दिल्या. आता सारंग होणार, म्हणजे सबंध बोट माझ्या ताब्यात. नवा ड्रेस त्याचाच हाय.

"आई, तू नको म्हणलीस तर सोडते. खरंच सोडते. तुला फसवून न्हाय हाकायची मला बोट."

चांगुणानं फोन ठेवला. तिला राग आला, आणि रागाच्या खाली भीती होती, आणि भीतीच्याही खाली तो अर्धा धुतलेला टेम्पो उभा होता. अण्णा भला माणूस. तळातला शर्ट हिच्याच लेकीचा, हे त्यांनी तोंड बघून ओळखलं, म्हणाले, "तो एक ड्रेस दुसऱ्या कुणाला देऊ का शिवायला?"

"माझ्या पोरीचं माप दुसरं कोण काढणार?" ती फणकारली आणि मशीनवर बसली. रागारागात शिवला तिनं तो शर्ट. पण सवय कुठं जाते? हात आपला शिवणीशिवणीत माया ठेवत गेला.

रात्री तिनं दीक्षाला एवढंच सांगितलं, "ड्रेस घेऊन मीच येते. तुझ्या बोटीत बसते. मग काय ते सांगते."

सकाळच्या गाडीनं निघाली. पिशवीत नवा ड्रेस, नमुन्याचा जुना शर्ट, कडक भाकरी आणि शेंगाचटणी. कुर्डुवाडी गेली, पुणं गेलं, घाट उतरला, तरी तिच्या तोंडात पाण्याचा घोट नाही. आणि मग बंदराच्या धक्क्यावर दीक्षानं तिचा हात धरून तिला कठड्याशी नेलं, तेव्हा ती नुसती उभीच राहिली.

काय सांगावं तिनं काय पाहिलं? एवढं पाणी. पाण्याच्या पलीकडं पाणी, आणि त्याच्याही पलीकडं आभाळ खाली उतरून पाण्याला टेकलेलं. एवढं पाणी कुणी सोडलं, बंद कधी होणार, आणि खाली एक घागर नाही. भीती होतीच, पण नजर काही मागं फिरेना. एवढी मोठी गोष्ट जगात आपल्या आधीपासून आहे आणि आपण मशीनवर मान खाली घालून बसलो होतो, असं तिला वाटलं, आणि डोळे भरून आले.

दीक्षानं नवा ड्रेस घातला. चांगुणानं तिला उभी केली, चहूबाजूंनी फिरवलं. दोन्ही खांदे सारखे. शर्ट मापात. मग बोटीवर एका खलाशानं आईला तरंगायचं जॅकेट दिलं, ते तिनं आधी शिवणीला ताणून बघितलं आणि मगच घातलं. सुकाणूच्या केबिनला मागं काच होती, त्या काचेजवळच्या बाकावर ती जीव मुठीत धरून बसली.

बोट सुटली. माणसं काय, सायकली काय, भाजीच्या पाट्या काय, एक म्हातारी तर कोंबडी घेऊन बसलेली. बेटावरच्या लोकांना त्याचं काहीच नाही. कुणी पेंगत होतं, कुणी भांडत होतं. बोट लाटेवर चढायची, उतरायची, आणि चांगुणाचं काळीज तिच्यामागोमाग. बेटाचा धक्का आला तशी लाट वाढली. बोट वर जाई तेव्हा धक्का खाली जाई. दीक्षानं आधी नुसतं बघून घेतलं. मग डावा हात लांब करून चाक फिरवलं, उजवा इंजिनाच्या दांड्यावर, इंजिन उलटं घुरघुरलं, दोर फेकला गेला, आणि एवढी थोरली बोट धक्क्याला अशी हलकेच टेकली की पेंगणारा माणूस जागाही झाला नाही.

जिला हाताला धरून चांगुणा नव्या पेठेतला रस्ता ओलांडून न्यायची, ती ही पोरगी. चांगुणा काचेतून बघतच राहिली. सतीशला असं कुणी काठाला आणलं असतं तर, एवढंच तिच्या मनात आलं. कोंबडीवाली म्हातारी उतरता उतरता केबिनकडं हात करून म्हणाली, "ही बोटीवर असली की भ्या वाटत न्हाय बगा." ती कुणाची लेक, हे म्हातारीला काय ठाऊक?

बोट रिकामी झाली. दीक्षा बाहेर येऊन आईपुढं उभी राहिली.

"बोल आई."

"शर्ट काढ तो," चांगुणा म्हणाली.

दीक्षाचा चेहरा पडला. ती केबिनमध्ये गेली, वरचं बटण काढायला लागली. आई मागोमाग आत आली, पिशवीतून जुना, मिठाचा शर्ट काढून तिच्या खांद्यावर टाकला.

"हा घाल तोवर. नवा काखेत ओढतोय तुला. बघितलं मी मघाशी, हात लांब केलास की ओढतोय. चुकलंच माझं. उभ्या माणसाचं शिवलं मी, आन तू तर बोट हाकतीस." तिनं पिशवीतला सुई-दोरा शोधला, नजर वर न करता. "माया हाय आत. सोडते थोडी. हात मोकळा पायजे तुझा."

दीक्षा रडली. चांगुणाही रडली, पण दोरा ओवताना रडून चालत नाही, म्हणून आधी तिनं डोळे पुसले.

परतीची माणसं चढली, बोट निघाली. चांगुणा त्याच बाकावर शर्ट मांडीवर घेऊन शिवण उसवत बसली. मध्येच एक मोठी लाट आली आणि सुई बोटात शिरली. दीक्षानं काचेतून हाक दिली, "आई, भ्या वाटतंय का?"

"वाटतंय की," चांगुणा म्हणाली. "तू फुडं बघ."