नमुना अपुरा असू शकतो

आमच्या लॅबमधल्या टेक्निशियनबाईंना सगळे आत्या म्हणतात. ऑपरेशनमधून आलेला मांसाचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवायचा, त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे आणि काचेवर लावून माझ्यापुढे ठेवायचे, हे काम त्या सव्वीस वर्षं करताहेत. मी त्या काचा मायक्रोस्कोपखाली बघून रिपोर्ट लिहितो. बाई मोठ्या तिखट. कापाला सुरकुती पडली तर दिवसभर कुणाशी धड बोलत नाहीत.

एका बस ड्रायव्हरच्या गालामागच्या सायनसमध्ये गाठ झाली होती. तिने हाड पोखरलं होतं आणि डावा डोळा पुढे ढकलला होता. स्कॅन बघून कुणीही कॅन्सरच म्हटलं असतं. सर्जननी तीनदा तुकडा पाठवला आणि मी तिन्ही वेळा लिहिलं: दाह आहे, कॅन्सरच्या पेशी दिसत नाहीत, नमुना अपुरा असू शकतो. ते शेवटचं वाक्य आम्ही सवयीनेच टाकतो. पुढे काही निघालंच तर अंग झाडून मोकळे. सर्जननी नेमकं तेच खरं धरलं. येत्या गुरुवारी वरच्या जबड्यासकट डोळा काढायचं ठरलं.

मंगळवारी तिसरा रिपोर्ट फाइलला लावताना आत्यांनी तो वाचला आणि तडक माझ्या टेबलापाशी आल्या.

"अपुरा कसा? चांगला बोराएवढा तुकडा होता. वीस काप काढलेत मी त्याचे."

"आत्या, तसं लिहायची पद्धत आहे."

"पद्धत गेली खड्ड्यात. तिन्ही वेळा तेच दिसतंय, म्हणजे तेच असेल की. दाह कसला, ते बघितलंत का?"

मला राग आला, कारण बघितलं नव्हतं. मी कॅन्सर शोधत होतो. तो नाही म्हटल्यावर माझं लक्ष उडायचं. मी काचा पुन्हा लावल्या. एकाच जातीच्या दाहपेशींची दाटी, चटईसारखे विणलेले तंतू, बुजलेल्या शिरा. असं चित्र एका दुर्मिळ आजारात दिसतं. त्यात शरीर स्वतःवरच उलटतं आणि हुबेहूब कॅन्सरसारखी गाठ करतं. आत्यांनी त्याच ठोकळ्यांचे नवे काप काढून त्यांना त्या आजाराचा खास रंग दिला. बुधवारी दुपारी पेशी तपकिरी निघाल्या, म्हणजे तोच आजार. मी सर्जनना फोन केला आणि ऑपरेशन रद्द झालं. स्टेरॉइडच्या गोळ्यांवर दीड महिन्यात गाठ ओसरली, डोळा जागेवर आला. मी भलताच खूश होतो.

"ते वाक्य आणखी कुणाकुणाला लिहिलंय?" आत्यांनी विचारलं.

अशा गाठींचे अकरा जुने ठोकळे निघाले. आत्यांनी त्यांच्या कापांनाही तोच रंग दिला. दहांमध्ये काही नव्हतं. अकरावा चार वर्षांपूर्वीचा, एका शिवणकाम करणाऱ्या बाईचा. पेशी तपकिरी. चौकशी केली तर कळलं, तिचा डोळा दुसऱ्या दवाखान्यात काढून झाला होता, आणि कॅन्सरमधून वाचले म्हणून ती डॉक्टरांचे आभार मानत जगत होती. हा आजार पुढे शरीरात दुसरीकडे उठू शकतो, तेव्हा गप्प बसण्याचीही सोय नव्हती.

मी नंबर शोधला, पण फोन काही उचलवेना.

"फोनवर सांगायची गोष्ट आहे का ही?" आत्या म्हणाल्या. त्यांनी ॲप्रन काढून खुंटीला लावला. "काप माझे, सही तुमची. दोघांनी जाऊ."