पहिली अखाजी आणि उलटं कुलूप

आमची मोटार चोरीला गेली त्या सकाळी घरात सगळ्यांत जास्त मी रडले. लग्न होऊन फैजपूरला आले त्याला पाच महिने झाले होते. नव्या सुनेला घरच्या वस्तूची एवढी माया, म्हणून शेजारणींनी माझं कौतुक केलं. माया कसली डोंबलाची! मी रडत होते माझ्या अखाजीसाठी.

अखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया; आमच्या खानदेशात लेकीची पहिली अखाजी माहेरी व्हायची म्हणजे व्हायचीच. लिंबाला झोके, गौराईची गाणी, खापरावरच्या पुरणपोळ्या, आमरस आणि दिवसभर उंडारणं. वर्षभर सासरी मान खाली घालून वागलेल्या पोरी त्या चार दिवसांत सगळं वसूल करून घेतात. माझं माहेर धुळ्याचं, पांझरेपलीकडे देवपुरातलं. मी मैत्रिणींना पत्र लिहून ठेवलं होतं की यंदा टांगा नाही, आगगाडी नाही, मी मोटारीतून उतरणार. आता कोणत्या तोंडानं टांग्यातून उतरू?

आणखी एक गोष्ट मनात होती, ती पत्रात लिहिण्यासारखी नव्हती. मोटार हे चालवणार होते. हे म्हणजे माझे यजमान. त्यांनी एक-दोन दिवस देवपुरात राहावं असं मला फार वाटत होतं. सासरचं घर माणसांनी भरलेलं. दिवसाउजेडी नवराबायकोनं बोलायची रीत नाही, आणि दिवे मालवल्यावर बोलावं तर भिंतीपलीकडून सासूबाई खोकायच्या. पाच महिन्यांत मी त्यांच्या तोंडून धड ऐकलं ते 'आबा, येतो' आणि 'आबा, आलो'. पण आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, आधीच बजावलं होतं. अखाजीला सालदारांचं साल ठरतं, वर्षभराची माणसं त्याच दिवशी बांधून घ्यायची असतात, म्हणून मुलगा घरी पाहिजे. आदल्या दिवशी सुनेला सोडायचं आणि उलट्या पावली परतायचं. आबांपुढे बोलणार कोण?

चोरीच्या तिसऱ्या दिवशी मोटार सापडली. सावदा स्टेशनच्या वाटेवर एका केळीच्या बागेत ती नाक खुपसून उभी होती. ते लढाईचे दिवस, पेट्रोल कुपनावर मिळायचं. टाकीत होतं तेवढं संपेपर्यंत चोरानं हौस भागवली आणि गाडी टाकून तो पसार झाला. बाकी गाडीला ओरखडासुद्धा नव्हता. फक्त किल्लीचं कुलूप गेलं होतं. त्यानं त्यात सळई घालून असं पिळलं होतं की ते हलणाऱ्या दातासारखं लोंबत होतं. ह्यांनी घरून नेलेलं थोडं पेट्रोल ओतलं, मागच्या दोन तारा एकमेकींना जोडल्या आणि गाडी घरी आणली.

मी मनात म्हटलं, जोडा तारा आणि चला देवपूरला. पण आबा बाजेवर मांडी घालून बसले.

"कुलपाबिगर गाडी वेशीबाहेर जायाची नही," ते म्हणाले. "चोराले आता चटक लागली. पुन्हा येईन तो."

"आबा, अखाजीले आठच दिवस राहिले," हे म्हणाले. मी दाराआडून त्यांना मनातल्या मनात लिंबलोण उतरवलं.

"मंग आठ दिवसांत कुलूप बसवा. कुलूप बसलं तं गाडी जाईन, नही तं सूनबाई आगगाडीनं जाईन."

दुसऱ्या दिवशी बापलेक तारा जोडून जळगावला गेले. तिथला मिस्त्री मोठा हुशार म्हणून नावाजलेला. आबांनी त्याला सांगितलं, असंच कुलूप पाहिजे. तो हसला म्हणे. "आबासाहेब, लढाई चालू आहे. विलायतेहून कुलूप यायला ते काय पोस्टकार्ड आहे?" मग त्यानं भंगाराचा ढीग उपसला आणि कुठल्याशा जुन्या मोटारसायकलचं एक कुलूप काढलं. पितळी, जड, किल्लीसकट. आबांनी ते तळहातावर तोलून पाहिलं. जड आहे म्हणजे चांगलं आहे, हा त्यांचा सगळ्याच बाबतीतला हिशेब. कुलूप बसलं. मिस्त्रीनं गाडी सुरू करून दाखवली, ह्यांनी ती चालवत घरी आणली. आबांनी मोठ्या दिमाखात किल्ली काढून घेतली, करगोट्याला अडकवली आणि जेवायला बसले. मीही दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

गंमत पुढेच आहे. किल्ली काढून आबा उतरले तरी इंजिन चालूच होतं! वाड्याबाहेर ते आपलं फडफडतंय. हे ताटावरून उठून गेले, आबांकडून किल्ली मागून घेतली, कुलूप उघडलं, तेव्हा कुठे ते गप्प झालं. पुन्हा कुलूप लावून खालची कळ दाबली, तर गाडी सुरू. उघडलं, बंद. लावलं, सुरू. आबा म्हणाले भानामती झाली.

भानामती नव्हती. मोटारसायकलची विजेची रीत वेगळी, आमच्या गाडीची वेगळी. तिथे दोन तारा जुळल्या की इंजिन थांबतं, इथे जुळल्या की चालतं. तिकडचं कुलूप इकडे बसवल्यावर सगळा कारभार उलटा झाला. म्हणजे आता गाडी उभी करायची तर किल्ली आत घालून कुलूप उघडं ठेवायचं, आणि गाडी चालवायची तर कुलूप लावून किल्ली काढून घ्यायची. ज्याच्या हातात किल्ली नाही त्या साऱ्या जगाला आमची गाडी पळवायची मोकळीक! मला हसू आवरेना. मी गोठ्यात जाऊन गाईच्या पाठीवर डोकं टेकून हसून घेतलं.

ह्यांना वाटलं, आबा आता मिस्त्रीच्या नावानं शंख करतील. पण आबांचं म्हणणं वेगळं. कुलूप बसवायचं ठरलं होतं, ते बसलं. उलटं का सुलटं, हे चोराला थोडंच माहीत आहे? आपला शब्द पुरा झाला. सूनबाई मोटारीनं जाणार. त्या क्षणी मला आबांच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं.

अखाजीच्या आदल्या दिवशी पहाटे निघालो. जाण्यायेण्यापुरतं पेट्रोल आबांनी स्वतः मोजून टाकीत ओतलं, वर थेंब नाही. मी मागच्या बाकावर, केळीचे घड आणि सांजोऱ्यांचा डबा यांच्यामध्ये. हे पुढे. नवऱ्याशेजारी बसणं तेव्हा शोभत नसे. आबांनी हौसेनं स्वतः कुलूप लावलं, किल्ली काढली, कळ दाबली, गाडी धडधडायला लागली. "जा सांभायून," ते म्हणाले.

तापीच्या पात्रातल्या उन्हाळी वाटेनं नदी ओलांडली, जळगाव मागे टाकलं. एरंडोलपाशी माझ्या घशाला कोरड पडली. ह्यांनी एका हॉटेलापाशी झाडाखाली गाडी उभी केली, खिसे चाचपले, पुन्हा चाचपले आणि मागे वळून पाहिलं.

"किल्ली?"

पाच महिन्यांत नवरा माझ्याशी भर दिवसा बोललेला हा पहिला शब्द.

"आबांच्या करगोट्याला," मी म्हटलं.

 त्यांना असं हसू फुटलं की चाकावर डोकं आपटेल की काय असं वाटलं. मीही सुटले. रस्त्यानं एक बैलगाडीवाला चालला होता, तो थांबून बघत राहिला. ह्यांनी डोळे पुसत सांगितलं की आता गाडी बंद करता येत नाही, किल्लीशिवाय वीज तुटायची नाही. मला इंजिनातलं ओ की ठो कळत नव्हतं. मी मान डोलावली. हॉटेलवाल्यानं चालू गाडीपाशी येऊन तांब्याभर पाणी दिलं आणि आम्ही तसेच पुढे निघालो. पारोळ्यालाही तसंच. वाटेत मी मागून विचारायची, "अजून चालूच आहे ना?" आणि पुन्हा दोघांना हसू.

ऐन दुपारी देवपुरात शिरलो. गल्ली आधीपासून जमलेली. माझ्या पत्राची करामत! लेक आली म्हणून आई भाकरतुकडा ओवाळायला घेऊन धावत आली. "ऊनी व माय, मनी पोर ऊनी!" मी मोटारीतून उतरले. कशी उतरले ते विचारू नका. केसांत मणभर धूळ होती, पण राणीनं काय उतरावं अशी मी उतरले.

हे मात्र उतरेनात. इंजिन भडभडतंय आणि जावई आत चाक धरून बसलेले.

"जवाईबुवा, हेठे उतरा ना," आई म्हणाली.

"चालू गाडी सोडून कसा उतरू? एकदा चोरीला गेली आहे," हे म्हणाले.

"मंग बंद करा ना तिले."

"किल्ली आबांकडे राहिली."

आईनं कपाळाला हात लावला. "आता काय जवाईले गाडीमाच जेवाडू?"

आणि खरंच गाडीतच जेवायला घातलं! मांडीवर पाट, पाटावर ताट. गल्लीतली पोरं मडगार्डवर चढलेली, बायका पदर तोंडाला लावून खिदळतायत, आणि हे शांतपणे रस ओरपतायत. घरी दहा मिनिटांत हात धुणाऱ्या माणसानं त्या दिवशी तीनदा रस मागितला, दोनदा पोळी. माझ्या मैत्रिणींनी त्यांना वारा घातला, कोडी घातली, गाणं म्हणायला लावलं. मी एकीकडे हसत होते आणि दुसरीकडे उन्हाकडे बघत होते. परतीची वेळ टळत चालली होती. वाईट वाटायला हवं होतं, ते काही वाटेना.

दिवेलागणीला इंजिनानं दोन आचके दिले आणि आपोआप थांबलं. परतीचं पेट्रोल तिथेच उभ्याउभ्या जळून गेलं होतं. कुपनांशिवाय नवं मिळणार नव्हतं. ह्यांनी आबांना तार केली आणि माझ्या माहेरचा पाहुणचार सुरू झाला. अखाजीला त्यांनी माझा झोका इतका उंच नेला की मी किंचाळले. दुपारी ओट्यावर बसून आम्ही गप्पा मारल्या. फैजपूरचं पाणी मला मानवतं का, इथपासून सुरुवात झाली आणि मग थांबलोच नाही. सासूबाईंचा खोकला शंभर मैल दूर होता.

तिसऱ्या दिवशी आबा आले. आगगाडीनं नरडाण्यापर्यंत, पुढे मिळेल त्या गाडीनं, हातात पेट्रोलचा डबा. सालदारांचा बाजार त्यांना एकट्याला निभवावा लागला होता. त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. सरळ मोटारीपाशी गेले आणि ह्यांना समोर उभं केलं. मी दारात.

"गेरमधी टाकून किलच सोडलं का गाडी मरते," आबा म्हणाले. "मले हे कोनं शिकोलं? तूच ना? मंग दिसभर इंजिन काहाले चालू ठिवलं?"

म्हणजे ब्रेक दाबून, गिअर टाकून क्लचवरचा पाय सोडला की किल्लीशिवायही इंजिन बंद पडतं. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. एरंडोलला, पारोळ्याला, जेवताना, केव्हाही बंद करता आली असती! मी वाटभर उन्हात भाजले, कमरेचा काटा ढिला झाला, आणि या माणसाला ठाऊक होतं! मला असा राग आला, असा राग आला, की दारातून ओरडणारच होते.

हे जमिनीकडे बघत म्हणाले, "मले राहाचं होतं, आबा. हिच्यासंगं."

बापासमोर बायकोचा विषय असा काढणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. राग कुठल्या कुठे गेला. माझे कान तापले, मी पदर पुढे ओढला.

 आबांनी हातातला डबा खाली ठेवला.

"राहाचं व्हतं तं सांगाचं," ते म्हणाले. "मी काय नही म्हनलो असतो? त्याच्यापायी माह्यं पेट्रोल काहाले जायलं?"

मागितलं तर मिळतं, हे त्या घरात पाच महिने राहून मला कळलं नव्हतं, आणि जन्मापासून राहून त्यांनाही.