इंजिनाला पाणी पाजणारा

नागपूर नुकतंच मुंबई राज्यात गेलं होतं आणि आमचं सौसर मध्य प्रदेशात राहिलं होतं. पण मोठा दवाखाना नागपूरलाच. आजारी आईला घेऊन निघालो, तर बोरगावलाच भाड्याची मोटार धापा टाकू लागली.

"आत काजळी धरली," तिथला म्हातारा मिस्त्री म्हणाला. इंजिन चालूच ठेवून त्यानं कापसाचा बोळा पाण्यात बुडवला आणि डोळे मिटून कार्बोरेटरच्या तोंडात थेंब थेंब पिळू लागला. मागून पांढरी वाफ आणि काळे कण उडाले.

मी मास्तर माणूस, खेकसलोच, "ओता ना एकदम!"

"एकदम ओतलं तं बंद पडते, गुरुजी. त्याचा आवाज आयकत आयकत पाजा लागते."

आईनं दोन दिवस पाणी घेतलं नव्हतं. मी पेला पुढे करायचो, ती तोंड फिरवायची. त्यानं ते पाहिलं असावं. निघताना साबणानं हात धुऊन त्यानं कोरा कापूस माझ्या हातात ठेवला.

मी आईच्या ओठांवर थेंब पिळत, तिच्या घोटाकडे कान लावून बसलो. राज्याची नवी हद्द केव्हा ओलांडली, कळलंच नाही.