धुऱ्यावर अडलेला धडा

चार माणसं एकत्र बसून देवाधर्माची पुस्तकं वाचू लागली की श्रद्धा वाढते, असं म्हणतात. वाढत असेल. आमच्याकडे आधी किस्से वाढले, आणि ते आता माझ्या पोटात मावत नाहीत.

रिसोडला माझं औषधांचं दुकान आहे. रविवारची उपासना आटोपली की दुकानामागच्या खोलीत आम्ही चौघं जमतो. मी, अंगणवाडीतून रिटायर झालेली सुमनमावशी, तिचा नवरा गुलाबकाका आणि एका शाळेत क्लार्क असलेला दिलीप. ख्रिस्ती जीवनावरचं एखादं पुस्तक घ्यायचं आणि आठवड्याला एक धडा मोठ्याने वाचायचा. नियम मावशीचा : वाचलेलं अंगी उतरलं, तरच पान उलटायचं. पोरांना ताट स्वच्छ केल्याशिवाय उठू न देणारी बाई, आम्हाला कशी सोडेल?

*

पहिलाच धडा मौनाचा निघाला. मावशीने आठवडाभर घरात तोंड उघडलं नाही. पुढच्या रविवारी ती पान उलटणार, इतक्यात कधी नव्हे ते गुलाबकाकांनी हात वर केला.

"हा धडा मले अजून समजला नाही. एक हप्ता वाढवा."

मावशीने काकांकडे असं पाहिलं, की मौनाचा धडा काकांनाच लागू झाला.

*

उपवासाचा धडा आला त्याच दिवशी शेजारी रोडगे आणि वांग्याच्या भाजीचं जेवण. आमंत्रण सगळ्या गल्लीला. भाजलेल्या रोडग्यांचा वास खोलीत येतोय, दिलीप तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचतोय, कुणाचं लक्ष नाही. शेवटी मावशीने पुस्तक हातात घेतलं, थोडं चाळलं आणि गंभीरपणे निर्णय दिला.

"उपास कोनाले कळू नये असं लिह्यलं हाय. आपन जेवाले गेलो नाही, त साऱ्या गल्लीले कळन."

उपवास गुप्त ठेवण्यासाठी आम्ही पोटभर जेवलो. काकांनी तर दोनदा वाढून घेतलं.

*

मग वैऱ्यासाठी प्रार्थना. दिलीपचा वैरी म्हणजे त्याचे हेडमास्तर. आठवडाभर तो कुरकुरत होता. रविवारी मात्र डोळे मिटून, हात जोडून त्याने प्रार्थना केली. "बापा, आमच्या हेडमास्तरले बढती दे. अन् त्या बढतीवर लय लांब पाठव."

आम्ही मनापासून आमेन म्हटलं. मावशीनेही म्हटलं, पण जरा उशिरा.

*

आणि मग आला क्षमेचा धडा. तिथे गाडी जी रुतली, ती हलेचना.

मेडशीला दिलीपचं आणि त्याच्या थोरल्या भावाचं, मनोहरचं, वावर लागून आहे. मध्ये धुरा, म्हणजे दोन शेतांमधला बांध. धुरा कोणी कोरला यावरून दोघांत वाजलं आणि बोलणं बंद पडलं. त्याला वर्षं झाली. मनोहरभाऊने तर उपासनेलाही येणं सोडलं, कारण तिथे दिलीप येतो.

रविवारमागून रविवार आम्ही तोच धडा वाचायचो. काकांना तो पाठ झाला. पुढचा धडा आनंदाचा होता, पण आनंद आमच्या नशिबी नव्हता. एकदा दिलीप चिडून म्हणाला, "ज्याच्यापाशी वावर नाही, अशा मानसानं हे पुस्तक लिह्यलं!"

मावशी हलली नाही. काहून जात नाहीस भावाकडे, एवढंच तिने विचारलं. तेव्हा दिलीपची चीड ओसरली. मनोहरशेजारी बसून गाणं म्हटल्याशिवाय उपासना झाल्यासारखी वाटत नाही, असं तो म्हणाला. "जातो मी मेडशीले. धुऱ्यापर्यंत जातो. त्याच्यासमोर तोंडच उघडत नाही."

आम्हाला सगळ्यांनाच वाईट वाटलं. मावशीला नाही. तिने त्याच्या हातात पुस्तक दिलं. "वाचाले त उघडते ना?"

पुढच्या रविवारी आम्ही चौघं एसटीने मेडशीला. सोयाबीनमध्ये मनोहरभाऊचं डवरणं, बैलांनी तण काढणं, चाललेलं. आम्हाला पाहूनही त्याने बैल थांबवले नाहीत. दिलीप धुऱ्यावर उभा राहिला, पुस्तक तोंडासमोर धरलं आणि वाचू लागला. शाळेतल्या पोरासारखा, एकेक शब्द तोडून.

मनोहरभाऊ पिकाच्या ओळीचा तास धरून पलीकडच्या टोकाला जायचा, वळून यायचा, आमच्यासमोरून पुन्हा जायचा. मान खाली. दिलीपचीही मान खाली. काकांनी दोनदा घड्याळ पाहिलं, मावशीने त्यांना चिमटा काढला. माझ्या मनात आलं, ही बाई आपली एसटीही चुकवणार आणि दिलीपचं हसंही करणार.

धडा संपला. दिलीपने पुस्तक मिटलं आणि तो मागे वळला.

पाठीमागे बैल थांबले.

"दिल्या," मनोहरभाऊ म्हणाला, "मघाचं पान पुन्हा वाच. मी तिकडल्या टोकाले होतो."