चौदाव्याचा जिताडा

रावजीला सावित्री नदीच्या पाण्यातलं सगळं कळायचं, तिथी सोडून. चाळीस वर्षं गळावर जिताडा मासा धरणारा माणूस, पण आज चौथ की पंचमी हे घरात जाऊन विचारायचा. बायको, चंद्रभागा, चुलीपुढूनच हिशेब सांगायची. तिथीची पाऊणपट केली की समुद्रावरच्या भरतीची वेळ. तिथून खाडीतून इथं दासगावला पाणी चढायला दीड तास. मग पाणी घटकाभर उभं राहतं. जिताडा घ्यायचा तो तेवढ्यातच. पुढं ओहोटीची ओढ लागली की गळाचं शिसंसुद्धा तळाला टिकत नाही.

चंद्रभागा वद्य सप्तमीला गेली. त्यांच्या घरात चौदाव्या दिवशी पुरुषाने स्वतः धरलेला मासा आणायचा. तो शिजला की सुतक सुटलं. रावजीने बोटं मोजली. चौदावा म्हणजे पंचमी. भरती पावणेचारला, वर दीड तास, सव्वापाच. पाचला तो धक्क्यावर हजर. सोबत बिरवाडीचा मेहुणा राजेश, हातात भलीमोठी रिकामी पिशवी. सासुरवाडीचा विश्वास दांडगा.

पाणी केव्हाच उलटलं होतं. रावजीने जिवंत कोळंबी लावून गळ टाकला. गळाचा दोरा, तंगूस, खाली जायचा सोडून समुद्राकडं, बाणकोटच्या दिशेला आडवा ताणला.

"भावोजी, मासा धरताय का पतंग उडवताय?"

रावजीने शिसं दुप्पट केलं. पुन्हा तेच.

राजेशने मोबाईलवर पंचांग काढलं. "आज चौथ हाय. तृतीया दोन दिस होती. पाणी साडेचारलाच भरलं."

"दोन दिस?"

"ताई असती तर तिनं वेळेत धाडलं असतं."

इथं आपल्याला काहीतरी वाटायला हवं, असं रावजीच्या मनात आलं. त्याने थोडी वाट पाहिली. काही वाटलं नाही. तंगुसाने बोट कापलंय, एवढंच दिसलं.

"चला, महाडच्या बाजारातनं घेऊ," राजेश म्हणाला. "तुम्ही अर्धा तास झुंजवला म्हणून मी सांगतो. मला खोटं बरं जमतं."

"नाय." रावजी तंगूस गुंडाळू लागला. "उद्या येऊ."

"घरी वीस माणसं जेवायला बसलीत!"

"वरणभात वाढ त्यांना."

"आणि सुतक?"

"ऱ्हाऊ दे रे, आणखी एक दिस."

राजेशने रिकामी पिशवी काखेत मारली. घरी सांगायला तो पुढं गेला. रावजी मागून, अजिबात घाई न करता, चालू लागला.