चार बोटं मेथी

पानिपतला सतरंज्या घ्यायला गेलो होतो. गोदामाबाहेर एमएच नंबरचा ट्रक दिसला, तसा मी खुशीत मराठीतच बोललो. ड्रायव्हर नवखा, लांबची ही तिसरीच खेप. केबिनच्या टपावर, तेलाच्या कापलेल्या डब्यात त्यानं मेथी पेरली होती.

"माल उतरवायला किती दिवस थांबलाय?"

त्यानं पायरीवर चढून मेथीशेजारी आडवी बोटं धरली. "चार बोटं. म्हणजे आठ दिवस झाले, साहेब. आलो त्याच दिवशी पेरली."

"थांबायचे पैसे मिळतात?"

"छे! पैसे खेपेचे. थांबायची फक्त भाजी मिळते."

आणि हसत त्यानं मूठभर मेथी खुडून माझ्या हातात दिली.

दिल्लीपर्यंत गाडीत तिचाच वास. वीस वर्षं मी ऑफिसात थांबायचाच पगार घेतोय. माझ्या टेबलावर कधी काही उगवलं नाही.